कव्हर घासण्याआधी फडके पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेली १९ वर्षे मी एकच मोटारसायकल चालवतो. तिच्या टाकीच्या रंगापेक्षा इंजिनच्या दोन्ही बाजूंची ॲल्युमिनियमची कव्हरे मला जास्त प्रिय आहेत. त्या कव्हरांची अनेक ठिकाणी अजाणतेपणी जी नासधूस होते, ती पाहवत नाही म्हणून हे पत्र.

ही कव्हरे नुसत्या धातूची वाटतात, पण पुष्कळ गाड्यांवर धातूच्या वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. बुटाला चिकटलेली वाळू रोज त्याच जागी घासते. आधी बारीक चरे उमटतात, मग एखादा चरा लॅकर फाडून धातूपर्यंत पोचतो. तिथून ओल आत शिरली, की थराखाली पांढुरक्या दोऱ्यांसारखी नक्षी पसरू लागते. लाकडाला वाळवी लागावी तसेच हे; वरचा थर जागेवर आणि आत पोखरण चालू. आपण वरून कितीही पॉलिश चोळले, तरी ते खालच्या डागापर्यंत पोचतच नाही.

गेल्या वर्षी मी क्लच कव्हर एका गॅरेजमध्ये दिले. त्यांनी ते न उतरवताच बफिंग केले, म्हणजे फिरत्या चाकावर मेण लावून घासून चमकवले, आणि वर क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, फवारा मारला. त्या दिवशी कव्हरात चेहरा दिसत होता. चार महिन्यांत बोल्टांभोवतीची कड सुटली. नख घातले तर सापाच्या कातीसारखा अख्खा पापुद्रा हातात आला, आणि त्याच्या खाली बफिंगच्या मेणाची करडी, चिकट रेघ तशीच होती. आरशासारख्या गुळगुळीत आणि वर तेलकट पृष्ठभागाला लॅकर धरणार तरी कसा? मला पैशांपेक्षा वाईट वाटले ते याचे, की काम करणारा मुलगा मेहनती होता. त्याला हे कुणी शिकवलेच नव्हते.

नंतर मी स्वतः शिकलो. पहिली परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर थोडे मेटल पॉलिश घेऊन कोपऱ्यात चोळावे. फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. काळे झाले नाही तर वर लॅकर आहे. मग चऱ्यावरून नख आडवे फिरवावे. नख अडकत नसेल आणि पांढरेपणा नसेल, तर चरा लॅकरमध्येच आहे. २००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून अगदी हलक्या हाताने फिरवला आणि नंतर रंगाच्या रबिंग कंपाउंडने चमक आणली, की काम झाले.

खाली पांढरे दोरे दिसत असतील तर मात्र डागडुजी नको. कव्हर उतरवून सगळा लॅकर काढावा लागतो. तेवढ्याच जागी फवारले तर जोड कायम दिसतो. यासाठी ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर, हातमोजे आणि मोकळी हवा हवी. बोल्टांच्या खोबणीत लॅकर हट्टाने बसतो, तिथे जुना टूथब्रश कामी येतो. कॉस्टिक सोड्यात कव्हर बुडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. मी ते एकदा पाहिले आहे. क्षणात फेस उसळतो, तो पेट घेणाऱ्या हायड्रोजनचा असतो, आणि कव्हर काळेकुट्ट होऊन बाहेर येते. सोडा ॲल्युमिनियम खातो. ओतीव मिश्रधातूतले सिलिकॉन आणि तांबे वर काजळीसारखे उरते. लोखंडी काथ्याही टाळावा, त्याचे कण रुतून बसतात आणि गंजतात.

मग आधी ४००, नंतर ६०० नंबरचा पेपर एकाच दिशेने. क्लिअर मारायचा असेल तर इथेच थांबावे, कारण त्याला धरायला ही बारीक खरखर लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर उघड्या बोटाने स्पर्शही करू नये. ठसा लॅकरखाली कायमचा राहतो. क्लिअर इंजिनची उष्णता सोसणारा हवा आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर द्यावेत. हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळून मारायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असते. साध्या धुळीच्या मास्कने ते अडत नाही, म्हणून असा क्लिअर घरी मारूच नये. आरशासारखी चमकच हवी असेल, तर लॅकर न मारता धातू उघडा ठेवावा आणि अधूनमधून पॉलिश व मेण लावत राहावे. मी एका बाजूला तेच केले आहे. दर महिन्याला अर्धा तास जातो, पण तो अर्धा तास मला आवडतो. कव्हर परत बसवताना पॅकिंग, म्हणजे तेल गळू नये म्हणून जोडात बसणारा पातळ पत्रा, मात्र नवेच टाकावे.

गाडी बनवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. टायरमधली हवा किती ठेवावी हे तुम्ही पुस्तिकेत छापता, तशीच एक ओळ या कव्हरांबद्दल छापा: वर लॅकर आहे की नाही, असल्यास काय लावू नये. आणि गॅरेजवाल्या बंधूंनो, बफिंगचे चाक सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला ते पांढरे फडके दाखवा.

आपला,
एक नियमित वाचक