'डिक्लाइन्ड' म्हणजे नेमकं काय? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना बडोद्याहून खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

स. न. वि. वि.

दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत बडोद्यातल्या मराठी घरांतली बरीच मुलं-मुली कॅनडाच्या पीआरचा (कायम निवासाचा) अर्ज एजंटाविना, स्वतः भरतात. त्यांचे कागद तपासून द्यायचं काम आम्ही काही जण विनामोबदला करतो. या अर्जातली सगळ्यांत सोपी वाटणारी पायरी शेवटची असते, फी भरण्याची. भाषेची परीक्षा, पदवीचं मूल्यांकन, पोलिसांचा दाखला, अनुभवाची पत्रं हे सारं पार पडतं आणि गाडी अडते ती आपल्याच बँकेच्या कार्डावर. फी कॅनडाची आहे, पण अडथळा भारतातला आहे. म्हणून हे पत्र ओटावाला न जाता आपल्याकडे येत आहे.

आधी रक्कम सांगतो. ३० एप्रिल २०२४ च्या दरपत्रकानुसार एक्स्प्रेस एन्ट्रीत (गुणांवर निवड करणाऱ्या कॅनडाच्या योजनेत) मुख्य अर्जदाराची प्रक्रिया फी ९५० कॅनेडियन डॉलर आणि कायम निवासाच्या हक्काची फी ५७५, मिळून १५२५. जोडीदाराचे तेवढेच. मुलाचे २६०. बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) माणशी ८५, कुटुंबाला जास्तीत जास्त १७०. नवरा, बायको आणि एक मूल धरलं तर ३४८० डॉलर होतात. डॉलरला ६५ रुपये धरले तर २,२६,२०० रुपये. त्यावर बऱ्याच कार्डांवर असतो तसा साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक घेते ते जादा शुल्क) लावला तर ७,९१७ रुपये आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटीचे सुमारे १,४२५. म्हणजे नऊ हजारांवर रक्कम अशी जाते, जी पैसे भरताना पडद्यावर कुठेच दिसत नाही. ती पुढच्या स्टेटमेंटात कळते.

आता मुदत. कॅनडाकडून अर्ज करण्याचं निमंत्रण आल्यापासून ६० दिवसांत अर्ज पाठवायचा असतो आणि फी भरल्याशिवाय अर्ज 'पाठवला' असं धरलं जात नाही. एकसष्टाव्या दिवशी निमंत्रण रद्द होतं. पुन्हा रांगेत उभं राहायचं, आणि तोवर तिसावा किंवा त्यापुढचा वाढदिवस होऊन गेला असेल तर वयाचे गुणही कमी झालेले असतात. या ६० दिवसांत दुसरा-चौथा शनिवार येतो, दिवाळी येते, आमच्याकडे गुजराती नववर्षाची सुट्टीही येते. कॅनडाचं घड्याळ त्यासाठी थांबत नाही.

कार्ड नाकारलं जातं त्याची कारणं ठरलेली आहेत आणि बहुतेक टाळता येण्यासारखी आहेत. आपल्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकापासून नवं किंवा बदलून मिळालेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा असतो. नियम चांगला आहे, तो राहायलाच हवा. पण अनेक अ‍ॅपमध्ये ही बटणं वेगवेगळी असतात. 'आंतरराष्ट्रीय' सुरू केलं तरी त्याखालचं 'आंतरराष्ट्रीय ऑनलाइन' बंदच राहतं. दोन्ही सुरू केली तर रोजची मर्यादा आड येते. कार्डाची एकूण मर्यादा तीन लाख असली तरी परदेशी ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा पन्नास हजारांवर ठेवलेली असू शकते. ती वाढवताना नेमके फीएवढे रुपये टाकले तरी व्यवहार अडकतो, कारण बँकेचा दर आणि मार्कअप धरून रक्कम वर जाते. आम्ही सगळ्यांना दहा टक्के जास्त ठेवायला सांगतो.

देशांतर्गत रुपे कार्ड त्या पानावर चालत नाही, आणि कित्येक घरांत पगाराच्या खात्याचं कार्ड तेच असतं. हे निमंत्रण येण्याआधीच पाहून ठेवावं लागतं, कारण व्हिसा किंवा मास्टरकार्डचं नवं कार्ड टपालाने यायला दिवस जातात. ओटीपीची गोष्ट वेगळी. परदेशी संकेतस्थळ ओटीपी मागेलच असं नाही, आणि ओटीपीविना आलेला व्यवहार आपल्या बँकेची यंत्रणा संशयित म्हणून थांबवू शकते. अशा वेळी बँकेचा मेसेज किंवा फोन रात्री उशिरा येतो आणि घर झोपलेलं असतं.

खरं दुखणं यापुढचं आहे. नकार येतो तेव्हा अर्जदाराला एकच शब्द दिसतो, 'डिक्लाइन्ड'. बँकेकडे मात्र कारणाचा सांकेतिक आकडा पोचलेला असतो. ५१ म्हणजे शिल्लक अपुरी, ५७ म्हणजे या कार्डाला या व्यवहाराची मुभा नाही, ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली, ०५ म्हणजे बँकेने कारण न देता नाकारलं. ५७ असेल तर बटण सुरू करायचं, ६१ असेल तर मर्यादा वाढवायची, पाच मिनिटांचं काम आहे. आकडा कळत नाही म्हणून माणूस तेच कार्ड तीनदा घालून पाहतो, मग भावाचं, मग मित्राचं. अशा वारंवार प्रयत्नांनी कधी कार्डच गोठतं. डेबिट कार्ड असेल तर एखाद्या फसलेल्या प्रयत्नात रक्कम अडकून पडते, आणि पुढच्या प्रयत्नात खरोखरच शिल्लक नसते. कधी दोन प्रयत्न यशस्वी होऊन फी दोनदा जाते. जादा फी कॅनडाकडून परत मागता येते, पण ती त्या दिवशीच्या दराने येते आणि मार्कअप काही परत येत नाही.

अडकलेली रक्कम कधी सुटावी याबद्दल आपलं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. कार्डाने केलेला ऑनलाइन व्यवहार फसला तर पाच दिवसांत पैसे परत, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण ते फक्त दोन्ही टोकं भारतात असलेल्या व्यवहारांना लागू आहे. परदेशी सरकारला फी भरणारा त्याबाहेर राहतो. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या लोकपालाकडे जायचं तर एकात्मिक लोकपाल योजनेनुसार आधी बँकेला ३० दिवस द्यावे लागतात. साठातले तीस दिवस उत्तराची वाट पाहण्यातच संपले तर अर्जदाराने काय करावं?

काही जण फॉरेक्स कार्डाकडे वळतात, आणि हिशेबाने तेच शहाणपणाचं आहे. कॅनेडियन डॉलर आधीच भरून ठेवले की मार्कअप लागत नाही आणि दरही ठरून जातो. पण काउंटरवर व्हिसा आणि तिकीट मागितलं जातं. पीआरचा अर्जदार अजून अर्जच करत असतो, त्याच्याकडे यातलं काहीच नसतं. उदारीकृत प्रेषण योजनेत (परदेशी पैसे पाठवण्याची मुभा देणाऱ्या आपल्या योजनेत) स्थलांतर हा हेतू स्पष्टपणे आहे, वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची मुभा आहे, ए२ फॉर्म (परकीय चलन मागण्याचा अर्ज) आणि पॅन पुरेसे असायला हवेत. निमंत्रणाचं पत्र हाच पुरावा धरावा, एवढं शाखांना लेखी कळवलं तरी हा रस्ता मोकळा होईल.

क्रेडिट कार्डाबद्दलही एक गोंधळ आहे. परदेशात असताना केलेला आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्डाचा खर्च या योजनेत धरला जाणार नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ जून २०२३ रोजी सांगितलं. मग इथे बडोद्यात, कारेलीबागेत घरी बसून भरलेली फी या योजनेत धरली जाते की नाही? १ एप्रिल २०२५ पासून टीसीएसची, म्हणजे परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक आगाऊ वसूल करते त्या कराची, सीमा १० लाख झाली आहे, त्यामुळे केवळ फीवर तो लागणार नाही. पण त्याच वर्षात राहण्याच्या खर्चाची मोठी रक्कम पाठवणाऱ्या कुटुंबाला या उत्तराने फरक पडतो. मंत्रालयाशी बोलून आपण याचं एका वाक्यात उत्तर प्रसिद्ध करावं.

या गोंधळाचा फायदा कोणाला होतो, तेही सांगायला हवं. 'आमच्या कार्डाने भरून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला. तो रोख घेतो, दर स्वतः लावतो. व्यवहार त्याच्या कार्डावर होतो, म्हणून अर्ज नाकारला गेल्यास कायम निवासाच्या हक्काच्या फीचा परतावा भरणाऱ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे जातो. ज्यांची मर्यादा थोडी कमी पडते त्यांना आम्ही निराळा मार्ग सुचवतो. कायम निवासाच्या हक्काची फी नंतरही भरता येते. ती बाजूला ठेवली तर वरच्या कुटुंबाची रक्कम ३४८० वरून २३३० वर येते. मात्र मध्ये दर वाढले तर ती नव्या दराने भरावी लागते, आणि २०२०, २०२२, २०२४ या तिन्ही वर्षी ३० एप्रिललाच दर वाढले आहेत.

महोदय, परदेशी व्यापाऱ्याने मागितल्यास अतिरिक्त पडताळणी करता येईल अशी व्यवस्था कार्ड देणाऱ्या बँकांनी १ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उभारावी, असे आपले सप्टेंबर २०२५ चे निर्देश आहेत. बँका त्यासाठी यंत्रणेत हात घालणारच आहेत. त्याच कामात आमच्या मागण्या बसवता येतील. परदेशी व्यवहार नाकारला की कारण आणि उपाय सांगणारा मेसेज त्याच मिनिटाला, ग्राहकाने निवडलेल्या भाषेत जावा. दर, मार्कअप आणि जीएसटी धरून रुपयांतली अंदाजे रक्कम अ‍ॅपमध्ये आधी पाहता यावी. फसलेल्या परदेशी व्यवहारात अडकलेली रक्कम सोडायला मुदत ठरवावी आणि ती चुकली तर २०१९ सारखीच भरपाई असावी. आणि ग्राहकाने आदल्या दिवशी 'उद्या एवढ्या रकमेची सरकारी फी भरणार आहे' असं अ‍ॅपमध्ये नोंदवलं, तर त्या एका व्यवहाराला संशयित धरून थांबवू नये.

बँक ऑफ बडोदा महाराज सयाजीरावांनी २० जुलै १९०८ रोजी याच शहरात सुरू केली. बँकेच्या कारभाराची समज असलेली माणसं इथे घरोघरी आहेत, निवृत्त अधिकारीही पुष्कळ आहेत. नकाराच्या मेसेजचा सोपा मजकूर मराठीत आणि गुजरातीत तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. सांकेतिक आकड्यांची यादी आपल्याकडून मिळाली की कामाला लागू.

आपले विश्वासू,
पीआरच्या अर्जांना मदत करणारी बडोद्यातली मराठी मंडळी