शॅडोमॅटिकमध्ये अडलास तर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शॅडोमॅटिक, म्हणजे दिव्यासमोरची वस्तू बोटाने फिरवून भिंतीवरच्या तिच्या सावलीतून ओळखीचं चित्र जमवायचा तो फोनवरचा खेळ; त्यात एका वस्तूचे स्तर पटापट सुटतात, दोन वस्तूंचे आले की गाडं अडतं आणि मग नुसतं बोट फिरत राहतं, असं तू लिहिलंस. ते नुसतं फिरवत राहणं आधी थांबव. आर्मेनियातल्या येरेवानच्या ट्रायडा स्टुडिओने २०१५ साली काढलेला हा खेळ दिसायला निवांत आहे, पण त्यात नशिबाचा भाग जवळजवळ नाही. कुठल्या वळणाने सावलीत काय बदलतं, हे कळलं की अर्धं काम झालं.

बोट आडवं ओढलं की वस्तू उभ्या आसाभोवती फिरते, उभं ओढलं की आडव्या आसाभोवती. दोन बोटांनी पिळलं की तिसरं वळण मिळतं. यातलं तिसरं वळण सावलीचा आकार बदलतच नाही, फक्त ती भिंतीवर कलती करतं. म्हणून ते शेवटासाठी राखून ठेव. आकार शोधायचा तो पहिल्या दोन वळणांनी. हत्ती हवा असेल आणि तो पाय वर करून आडवा पडलेला दिसत असेल, तर तो सापडला म्हणून समज. सरळ करणं एका पिळाचं काम आहे. बहुतेक जण इथेच चुकतात. चित्र सरळ उभं दिसत नाही म्हणून बरोबर जागा ओलांडून पुढे जातात. फोनचं ऑटो-रोटेट बंद करून फोनच उलटा धरून पाहिलास, तरी अशी पडलेली चित्रं ओळखू येतात.

शोधायची शिस्त अशी. आडवं बोट ओढत अर्धा फेरा, म्हणजे १८० अंश, सावकाश फिरव. पूर्ण फेऱ्याची गरज नाही, कारण उरलेल्या अर्ध्यात त्याच सावल्या उजव्या-डाव्या उलटून येतात. मग तेवढंच मागे येऊन वस्तू अंदाजे ३० अंश वर कलव आणि पुन्हा अर्धा फेरा. असे सहा फेरे झाले की कुठलीही योग्य जागा तुझ्या वाटेपासून फार तर १५ अंशांवर राहते. तेवढ्या अंतरावर पडद्याच्या खालची टिंबं, जी उत्तराच्या जवळ जाल तशी उजळतात, ती उजळायला लागतात आणि दिशा सापडते. परत येताना मात्र वळणं उलट्या क्रमाने सोडवायची. आधी आडवं ९० अंश आणि मग उभं ९० अंश केलं, तर वस्तू जशी बसते तशी ती उलट क्रमाने बसत नाही. ‘मघाशी छान दिसत होतं, आता सापडत नाही’ यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

आता सावलीत नेमकं बघायचं काय? लांब, ठसठशीत भागांवर भरवसा ठेवू नकोस. एखादी दांडी दिव्याला आडवी असताना १० अंश कलली, तर तिची सावली जेमतेम दीड टक्का आखडते. डोळ्याला कळणारही नाही. तीच दांडी दिव्याच्या रोखाने असेल, तर सावली नुसता ठिपका असते, आणि तेवढ्याच १० अंशांत दांडीच्या लांबीच्या १७ टक्के पसरते. म्हणजे खरी बातमी बारीक जागा देतात: दोन पायांमधली फट, चोचीचं टोक, कानाची कड.

त्याहून पक्की खूण म्हणजे भोक. सावलीत उजेडाचा एखादा ठिपका चमकून गेला की तिथेच थांब. भोक जेवढं रुंद तेवढंच खोल असेल, तर ४५ अंश कलल्यावर ते पूर्ण मिटतं. रुंदीच्या दुप्पट खोल असेल, तर २७ अंशांच्या आतच. म्हणून डोळा, कडी, हँडलची पोकळी दिसते ती थोड्याच टप्प्यात, आणि ती दिसली म्हणजे निदान त्या भागापुरता तू जागेजवळ आहेस. मग एकदम झटका न देता, उजेड जास्तीत जास्त गोल होईपर्यंत बोट रेसभर सरकवत राहा. मला या खेळातला हाच क्षण सगळ्यात आवडतो: वेडावाकडा गोळा असतो आणि एकदम त्याला डोळा फुटतो.

चित्र हुबेहूब वाटतंय, तरी टिंबं मंदच आहेत? मग ते उजवं-डावं उलटलेलं असण्याची शक्यता आहे. उभ्या आसाभोवती बरोबर अर्धा फेरा दे आणि पुन्हा बघ.

दोन वस्तूंच्या स्तरात दोन्ही एकदम हलवू नकोस. मोठी आधी धर. तिच्या सावलीत चित्राचा ओळखता येईल असा निदान एक भाग मिळेपर्यंत धाकटीकडे बघायचंच नाही. एक भाग मिळाला की पुढचा प्रश्न नेमका होतो: या आकाराला काय कमी आहे? शेपूट, झाकण, की पंख? मग बटणाने दुसरी वस्तू निवडून नेमकं तेच तिच्यात शोध. दोघींच्या सावल्या जिथे जुळतात तो सांधा शेवटी तपास. तिथे खाच किंवा कुबड राहिलं असेल, तर दोष बहुधा धाकटीच्या कलण्यात असतो. आणि पहिल्या नजरेला सुचलेल्या नावाला चिकटू नकोस. ‘पक्षी’ एकदा मनात बसला की मासा समोर असूनही दिसत नाही. अशा वेळी टिंबं मंद असतील तर त्यांचं ऐक, डोळ्यांचं नको.

संकेत घ्यायला हरकत नाही, पण त्याला जमवलेले गुण खर्च होतात. सहा फेरे पुरे झाल्यावरच घे. स्क्रीनचा उजेड वाढव आणि रात्रीचा पिवळा फिल्टर बंद ठेव, नाहीतर फिकट कडा भिंतीत मिसळून जातात. फोन हलवल्यावर खोली थोडी सरकते, त्याने गोंधळू नकोस. तो फक्त पाहण्याचा कोन आहे, त्याने कोडं सुटतही नाही की बिघडतही नाही. हेडफोन मात्र जरूर लाव. प्रत्येक खोलीचं संगीत वेगळं आहे आणि ते मन लावून केलेलं आहे.

अडलेल्या स्तराचा फोटो पाठव. उत्तर सांगणार नाही, कोणती वस्तू आधी धरायची एवढंच कळवेन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद