सिग्नलच्या तोंडावरचा रस्ता आणि एबीएस

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्यांची गाडी इंदुरातल्या एका सिग्नलवर पुढे उभ्या असलेल्या लोडिंग रिक्षाला मागून लागली. कोणाला इजा झाली नाही. बंपरला पोचा आला आणि रिक्षावाल्याशी दहा मिनिटे बाचाबाची झाली, एवढ्यावरच निभावले. परंतु त्यानंतर जे घडले ते मला धडकेपेक्षा अधिक चिंतेचे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. मेहुण्यांचे म्हणणे असे की, ब्रेक वेळेवर दाबला होता, पायाखाली पेडल गुरगुरले आणि गाडीने क्षणभर ब्रेक सोडूनच दिला. गॅरेजमधल्या मुलाने एक फेरी मारून आणली, "भिया, ब्रेक तो एक नंबर है, ये एबीएस छोड़ रहा है" असा निकाल दिला, एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज उपटला, बिलाच्या कागदात गुंडाळला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला. काट्यांशेजारी पेटलेल्या दिव्यांकडे लक्ष देऊ नका, असा सल्लाही वर दिला.

त्या मुलाचे निरीक्षण खरे होते, पण त्याने केलेला उपाय घातक होता. माझी सारी नोकरी पीथमपूरला वाहनांच्या सुट्या भागांच्या तपासणीत गेली असल्यामुळे हा फरक चार लोकांना सांगावा असे वाटते.

मुळात एबीएसला रस्ता दिसत नाही. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरते आहे एवढेच तो कळवतो. गाडीचा खरा वेग किती, हेही बहुतेक गाड्यांत या चार चाकांच्या फिरण्यावरूनच अंदाजले जाते. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले, तर ते आता जाम होणार असे समजून ही यंत्रणा त्या चाकाच्या ब्रेकमधला दाब सोडते, चाकाने पुन्हा गती घेतली की दाब भरते, आणि हे सेकंदाला दहा-पंधरा वेळाही घडू शकते. पेडलची गुरगुर ती हीच. पावसाने भिजलेल्या सपाट डांबरावर हा तर्क अगदी बरोबर ठरतो, कारण जाम झालेले चाक नुसते घसरते आणि स्टिअरिंग कितीही वळवले तरी गाडी वळत नाही.

खडबडीत रस्त्यावर मात्र याच तर्काची फसगत होते. टायरची पकड त्याच्यावर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. उंचवट्यावरून चाक उसळले की तो भार क्षणभर जवळजवळ नाहीसा होतो, ब्रेकने मात्र चाक तितक्याच जोराने धरून ठेवलेले असते; साहजिकच ते हलके झालेले चाक तत्काळ मंदावते. यंत्रणेला वाटते की रस्ता निसरडा आहे, म्हणून ती दाब सोडते. पुढच्याच क्षणी चाक खाली आपटते, त्याच्यावर नेहमीपेक्षाही जास्त भार येतो, म्हणजे ब्रेकने खरे काम करण्याची वेळ नेमकी तीच असते. पण दाब नुकताच सोडलेला असतो आणि तो पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो. त्यात बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या दोन चाकांचा दाब त्यांतल्या कमी पकडीच्या चाकाकडे पाहून ठरवला जातो. त्यामुळे मागचे एकच चाक उसळले, तरी दोन्हींचा ब्रेक सैल पडतो.

ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. रस्त्यावर मीटरभर अंतराने लाटा पडलेल्या असतील, तर चाकाला सेकंदाला ११ धक्के बसतात. चाक आणि त्याला जोडलेले भाग यांची स्प्रिंगखाली स्वतःहून उसळण्याची जी लय असते, तीही साधारण सेकंदाला १० ते १५ हेलकावे अशीच असते. झोक्याला नेमक्या वेळी हात लावत राहावे तसे इथे होते, आणि चाक जमिनीवर टिकतच नाही. अशा वेळी एक पंचमांश सेकंद जरी ब्रेक सैल राहिला, तरी गाडी दोन मीटरांहून अधिक पुढे सरकते. मेहुण्यांची गाडी आणि ती रिक्षा यांच्यात तेवढेही अंतर उरले नव्हते.

तो सिग्नल मी मुद्दाम पाहून आलो. मधला रस्ता ठीक होता, पण थांबण्याच्या रेषेआधीच्या तीस-चाळीस पावलांत डांबराच्या स्पष्ट लाटा होत्या आणि एका बाजूला पाइपलाइनसाठी खणलेला चर बुजवताना उरलेली बारीक गिट्टी पसरली होती. हा योगायोग नव्हे. मे महिन्याच्या उन्हात मऊ पडलेले डांबर भरलेल्या ट्रकांनी आणि बसगाड्यांनी ब्रेक लावताना पुढे ढकलले जाते, म्हणून जिथे ब्रेक लागतात तिथेच लाटा उठतात. शिवाय आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा थर कितीही चांगला घातला तरी खालचा भराव नीट नसेल तर रस्ता वाकतो. गिट्टीची गोष्ट निराळी आहे. सुट्या खडीवर जाम झालेले चाक आपल्यापुढे खडीचा ढीग साठवून थांबते, तर एबीएस त्याला फिरत ठेवते. अशा ठिकाणी एबीएस असलेल्या गाडीला थांबायला अंतर जास्त लागते, ही या क्षेत्रातल्या लोकांना जुनीच माहिती आहे.

मग फ्यूज काढलेलाच बरा, असे कोणी म्हणेल. तसे नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी ही व्यवस्था त्याच पेटीतून चालते आणि फ्यूजबरोबर साधारणतः तीही बंद पडते. ब्रेक जोरात दाबला की गाडीचा भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात, आणि त्यांचा दाब आवरणारे कोणी नसले तर ती आधी जाम होऊन गाडी भिंगरीसारखी फिरू शकते. खडबडीत रस्त्यावरचे दोन मीटर वाचवण्यासाठी ओल्या बायपासवरचा जीव पणाला लावण्याचा हा सौदा आहे.

एबीएसमध्ये खराखुरा दोष असू शकतो, पण त्याची लक्षणे वेगळी असतात. सपाट, कोरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावूनही गाडी थांबता थांबता पेडल गुरगुरत असेल, तर सेन्सरवरची घाण, त्याचे दातेरी कडे किंवा चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे. ही गुरगुर फक्त खाचखळग्यांवरच होत असेल, तर आधी शॉकअप पाहावेत. थकलेले शॉकअप चाकाला जमिनीवर दाबून धरू शकत नाहीत, आणि गरजेपेक्षा जास्त हवा भरलेला टायर त्यात भर घालतो. मेहुण्यांच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप तेलाने ओले झालेले होते. पेडल गुरगुरले म्हणून पाय उचलू नये, किंवा जुन्या अॅम्बॅसडरच्या काळातल्या सवयीने पंप मारल्यासारखा पुन्हा पुन्हा दाबूही नये. तो घट्ट दाबून ठेवावा. वेग शक्य तितका लाटांच्या आधीच, सपाट भागावर कमी करावा. हे केवळ मोटारवाल्यांसाठी नाही. १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे आणि त्यांतल्या अनेकींत ते फक्त पुढच्या चाकालाच असते.

चालकाने करायचे ते एवढे, बाकीचे रस्ता सांभाळणाऱ्यांच्या हाती आहे. इंदूरपासून तासाभराच्या वाटेवर पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र आहे. तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकची वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली, पण ब्रेक तपासण्यासाठी वेगवेगळ्या पकडीचे पृष्ठभाग असलेला स्वतंत्र ट्रॅकही तिथे आहे, याची चर्चा फारशी कोणी केली नाही. एबीएसच्या नियमांतल्या चाचण्या कोरड्या, निसरड्या आणि एका बाजूला निसरड्या अशा पृष्ठभागांवर होतात. सिग्नलपुढच्या डांबराच्या लाटा त्या नियमांत नाहीत. गतिरोधकांसाठी मार्गदर्शन आहे, पण आमच्याकडे ते पाळले जात नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने तो सुखरूप ओलांडता येतो. आमच्या वसाहतीतले गतिरोधक मात्र रस्त्यावर आडवे लाटणे ठेवल्यासारखे आहेत, आणि असा अरुंद उंचवटा चाकाला सरळ हवेतच फेकतो.

माझी मागणी मोठी नाही. अख्खा रस्ता नव्याने करण्याचे पैसे नसतील, तर प्रत्येक सिग्नलआधीचे शेवटचे ५० मीटर आधी समतल करावेत. खडखडणाऱ्या पट्ट्या अगदी थांबण्याच्या रेषेशी न टाकता, वेग आधीच कमी होईल इतक्या मागे टाकाव्यात. चर बुजवल्यावर उरलेली गिट्टी त्याच दिवशी झाडून न्यावी. ज्या शहरात पहाटेच रस्ते झाडले जातात, तिथे हे अशक्य नाही.

मेहुण्यांनी शॉकअप बदलून घेतले आणि माझ्यासमोर कागदाच्या पुडीतून फ्यूज काढून जागेवर बसवला. पेटलेले दिवे विझले. सिग्नलजवळच्या लाटा काल सायंकाळपर्यंत तशाच होत्या.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वाचक, राजेंद्रनगर, इंदूर