अलार्म बंद करायला एक बटण तरी ठेवा

संपादक महोदय,

स्मार्टवॉचचे रिव्ह्यू हल्ली जिकडेतिकडे वाचायला मिळतात, त्यात स्क्रीन किती मोठी, कडा किती बारीक याचंच कौतुक असतं, पण बटणं किती आणि त्यांनी नेमकं काय काय होतं हे कुणी लिहीतच नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या वडिलांना कंपवात आहे. हौसेने घड्याळ घेऊन दिलं, एकच बटण, बाकी सगळा टच. गोळ्यांचा अलार्म वाजला की ते स्क्रीनवर बोट टेकवतात, बोट तिथेच थरथरतं, घड्याळाला वाटतं स्वाइप केलं, मग अलार्म वाजतच राहतो नाहीतर भलतंच काहीतरी उघडतं. शेवटी ते घड्याळ काढून उशीखाली दाबून ठेवतात. (आधी आम्हीही हसलो, खोटं कशाला बोलू.) बरं, बटण आहे ना एक, पण ते दाबलं की नुसती होम स्क्रीन येते!

आणि हे काही फक्त आजारी माणसाचं रडगाणं नाही. टचस्क्रीनमध्ये इलेक्ट्रोडची पारदर्शक जाळी असते, बोट टेकलं की तिथला विद्युतभार किंचित बदलतो आणि घड्याळाला बोट कळतं, पण पाण्याच्या थेंबानेही तसाच बदल होतो. त्यामुळे भांडी घासताना टायमर वाजला तर ओलं बोट कितीही आपटा, ढिम्म, आणि थेंब ओघळला की स्क्रीन आपोआप सरकते. पोहताना टच लॉक करायची सोय कंपन्याच देतात, म्हणजे त्यांनाही हे ठाऊक आहेच. गार्मिन कंपनीच्या पळणाऱ्यांसाठीच्या घड्याळांना पाच पाच बटणं असतात ती काय उगाच? घामेजल्या बोटाने, न बघता लॅप (एकेका फेरीची वेळ) नोंदवता येतो.

त्यात जागेची बोंब. अँड्रॉइडच्या नियमावलीप्रमाणे टच करायची जागा साधारण 9 मिलिमीटर तरी हवी, मनगटावरच्या गोल स्क्रीनवर अशा तीन ओळी आल्या की संपलं.

बटणंही फुकट येत नाहीत हे मान्य. घड्याळाच्या केसला (बाहेरच्या डबीला) भोक पाडा, पाणी शिरू नये म्हणून सील बसवा, मनगट वाकवलं की चुकून दाबली जातात, संधिवाताच्या बोटांना कडक बटण म्हणजे शिक्षाच. टचचे उपकारही आहेत, ॲपल वॉचमध्ये 2015 पासून व्हॉइसओव्हर (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय) आहे, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशी माणसं स्क्रीनवर बोट फिरवून, ऐकून घड्याळ वापरतात, आणि 2021 पासून मूठ आवळून किंवा चिमटीने ते चालवताही येतं, दुसरा हात लागत नाही. तेव्हा टच काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये.

पण बटण काढून टाकायची घाई कशाला? फिटबिटने 2020 मध्ये सेन्स आणि व्हर्सा 3 ला दाबायचं बटण न देता कडेला नुसती स्पर्शाची खाच दिली, आणि 2022 च्या सेन्स 2, व्हर्सा 4 ला खरं बटण परत आलं. दोन वर्षांत!

माझी मागणी एवढीच की अलार्म, टायमर आणि फोन ही तीन घाईची कामं स्क्रीनला हात न लावता झाली पाहिजेत, आणि तुमच्या पेपरात रिव्ह्यू छापताना घड्याळ एकदा ओल्या बोटाने वापरून बघा. वडिलांनी जुनं काट्यांचं घड्याळ परत काढलंय, गोळ्यांचा अलार्म सध्या आई आहे.

आपला एक वाचक