बोटीवर सावली करून देणाऱ्या मांडव्याच्या मामांना मनापासून थँक यू

मामा, नमस्कार!

समोर थँक यू म्हटलं की तुम्ही "चहा घ्या आधी" म्हणून विषयच बदलता, म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहावं, तुमचा मुलगा वाचून दाखवेलच.

आमची २२ फुटी शिडाची बोट, तिच्यावर सावली नावाला सुद्धा नाही. एप्रिलमध्ये मांडव्याहून खांदेरी बेटाकडे निघालं की सकाळी दहालाच फायबर इतकं तापतं की हात ठेववत नाही. बायकोला ल्यूपस आहे, उन्हाने तिचा त्रास वाढतो, डॉक्टरांनी ऊन टाळायलाच सांगितलंय, त्यामुळे तिचं बोटीवर येणं बंद झालेलं, आणि बोट चालवायला मला शिकवलं कोणी तर तिनेच. म्हणून ही सावली आमच्यासाठी हौसेची गोष्ट नव्हती मामा.

सावलीचं कापड बांधायला पाइपचा सांगाडा उभा करायचा होता, आणि जो तो सांगत होता, डेकला, म्हणजे बोटीच्या वरच्या पृष्ठभागाला, होल मार आणि बेस बसव. तुम्ही एकट्याने नाही म्हणालात. दोन फायबरच्या मध्ये बाल्सा लाकूड असतं, स्क्रूच्या होलातून एकदा पाणी आत गेलं की ते आतल्या आत कुजत जातं आणि वरून काही दिसत नाही, हे तुम्ही वाकून, बोटाने डेक ठोकून, आवाज ऐकवून समजावलंत. मग सांगाडा धरायला मागच्या रेलिंगलाच दोन भागांचे क्लॅम्प, आत रबर. बोटीला एकही नवीन भोक नाही!

आणि ते मोजमाप! आधी साध्या पीव्हीसी पाइपचा सांगाडा बांधलात, मला मेनशीट, म्हणजे मोठं शीड आवळायची दोरी, घट्ट ओढायला लावलीत कारण तेव्हाच बूमचं, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याचं, टोक सगळ्यात खाली येतं, मग बूम या बाजूचा त्या बाजूला नेऊन पाइपवर खडूने खूण केलीत आणि तिथून चार बोटं खाली धरलंत. आजपर्यंत शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेताना बूम कुठे घासलेला नाही.

पाइप ३१६ ग्रेडच्या एसएसचाच (स्टेनलेस स्टीलचा) घ्यायचा हा तुमचा हट्ट होता, ३०४ स्वस्त पडतो पण खाऱ्या हवेत त्याच्यावर तांबूस डाग लवकर धरतात. ग्राइंडरची डिस्कसुद्धा तुम्ही एसएससाठी वेगळी काढलीत, लोखंडावर वापरलेली लावली की त्याचे कण चिकटून तिथूनच गंज सुरू होतो म्हणून. नट-बोल्ट दोन्ही एसएसचे असले की आवळताना जाम होतात, म्हणून प्रत्येकाला ग्रीस. एवढं बघून काम करणारा माणूस मिळणं हे नशीबच म्हणायचं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते तुमचं एक वाक्य, "कापड बांधलं की त्यात वारा भरणारच, मग ते तुम्हाला हवं असो नसो." घरी येऊन हिशोब केला, २५ नॉटच्या (ताशी साधारण ४६ किमी) वाऱ्यात चौरस मीटरला साधारण १० किलो जोर येतो, आपलं कापड पाच बाय सहा फूट, म्हणजे पंचवीस किलोच्या वर, आणि तो सगळा त्या क्लॅम्पवर. मार्च-एप्रिलला दुपारनंतर खारा वारा कसा वाढतो ते तुम्हाला मी काय सांगणार. म्हणूनच पिना काढून सगळं झटकन मागे आडवं होईल असं तुम्हीच केलंत, आणि प्रत्येक पिनेला दोरी, पाण्यात पडू नये म्हणून.

रिक्षाचं हूड शिवणाऱ्या दादांचेही खूप आभार, तुम्हीच पाठवलंत त्यांच्याकडे. कॉटनचा दोरा उन्हात टिकत नाही म्हणून त्यांनी पॉलिस्टरचा वापरला. पाण्यावरून उलटं येणारं ऊन वरच्या कापडाने थोडंच अडतं, त्यामुळे बाजूला लावायची एक झालर सुद्धा त्यांनी शिवून दिली, ती आपण सुचवली पण नव्हती!

बायको आता बोटीवर येते मामा. सकाळी लवकर, फुल बाह्यांचे कपडे आणि टोपी घालून, सावलीत बसून टिलर (सुकाणूचा दांडा) धरते आणि मला ओरडते की शीड नीट ओढ.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत ते मला अजून पटलेलं नाही, त्यावर आपण बोलणार आहोत. आणि बाकी कोणाला असं बसवायचं असेल तर मापं आणि फोटो माझ्याकडे आहेत, खुशाल मागा, मामांनी परवानगी दिली आहे. पावसाळा संपून बोट पाण्यात उतरली की तुम्ही आणि मामी नक्की या, खांदेरीला जाऊन येऊ, डबा आमच्याकडून.