प्रोग्रामवर ज्यांची नावं नव्हती त्यांचे मनापासून आभार

फेस्टिव्हलमध्ये माझी नवीन रचना पहिल्यांदा गायली गेली, बायबलमधल्या स्तोत्र १३० वर, चार आवाज आणि ऑर्गन, टाळ्या मला आणि कंडक्टरना मिळाल्या पण खरं काम कितीतरी जणांनी केलंय.

सगळ्यात आधी ऑर्गन ट्यून करणारे काका. चर्चमधली हवा तापली की ऑर्गनच्या फ्लू पाइप्सचा (शिट्टीसारखे वाजतात ते) सूर चढतो, रीड पाइप्स (पातळ पट्टी थरथरून वाजतात ते) मात्र जवळपास तिथेच राहतात, म्हणून ते मुद्दाम थांबले आणि कार्यक्रमाच्या वेळी जेवढी गर्मी असते तेवढी झाल्यावरच रीड्स जुळवून दिले. एवढी काळजी कोण घेतं हो!

मधली कडवी ऑर्गनशिवाय आहेत. बिनसाथीचं गाताना कॉयरचा, म्हणजे गायकवृंदाचा, सूर हळूहळू खाली उतरतो आणि मग ऑर्गन परत आला की लगेच कळतं, आमच्या आल्टोमधल्या (बायकांच्या खालच्या आवाजातल्या) एका ताईंनी प्रत्येक प्रॅक्टिसनंतर थांबून सगळ्यांकडून त्या ओळी इतक्या सावकाश घोटून घेतल्या की त्या दिवशी ऑर्गन आला तेव्हा सूर जागच्या जागी होता, मला तिथेच रडू आलं.

बेसवाले (सगळ्यात खालचा आवाज गाणारे) दादा लोक, शेवटचा लांबलचक सूर तुम्ही आळीपाळीने श्वास घेत कुठेही तुटू दिला नाही, ते मला खूप भावलं. पानं उलटणारी मुलगी, खुर्च्या लावणारे, सगळ्या पार्ट्सच्या कॉप्या तपासणारे, थँक यू. स्कोअरची एकेक प्रत तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय, पुढच्या प्रॅक्टिसला नक्की घेऊन जा.