जिवाणू म्हणजे पाणबुडी नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘मत्स्य ६०००’ या खोल समुद्रात माणसं नेणाऱ्या भारतीय पाणबुडीवरचा लेख छान जमला होता. शेवटच्या चौकटीने मात्र माती केली. पाणबुडीतला टायटॅनियमचा गोल माणसांना वाचवतो तशी जाड भिंत खोल समुद्रातल्या जिवाणूंना वाचवते, हा शोध कुणाचा?

गोलाची भिंत ८० मिलिमीटर जाड आहे, कारण आतल्या तिघांना साध्या दाबाची हवा लागते. जिवाणूच्या आत हवा नसतेच. आत पाणी, बाहेर पाणी, दाब दोन्हीकडे सारखा. मग भिंतीने अडवायचं काय?

खरा त्रास वेगळाच. दाबाखाली पेशीपटलातले, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पापुद्र्यातले, मेदरेणू दाटीने बसतात आणि पटल थंडीतल्या खोबरेलासारखं थिजू लागतं. समुद्रात दर १०० मीटरला दाब साधारण १ मेगापास्कलने, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दहापटीने वाढतो. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूचं पोहणं १० मेगापास्कलच्या आसपासच अडखळू लागतं, ५०च्या पुढे तो वाढतही नाही. त्याआधीच विभाजन अडतं. पेशीच्या मध्यावर कडं घालणारं एफटीएस-झेड प्रथिन दाबाखाली जुळून राहत नाही, त्यामुळे पेशी नुसती दोऱ्यासारखी लांबत जाते.

फिलिपाइन्सजवळच्या सुलू समुद्रात सापडलेला फोटोबॅक्टेरियम प्रोफंडम एसएस९ हा जिवाणू मात्र २८ मेगापास्कललाच उत्तम वाढतो. दाब चढला की तो पटलात असंतृप्त, म्हणजे सहज न थिजणारी, मेदाम्लं वाढवतो. त्यातही गंमत अशी, की त्याचं ओमेगा-३ बनवणारं जनुक मोडलं तरी दाबाखाली त्याचं काही बिघडलं नाही. एकच दुहेरी बंध असलेलं साधं मेदाम्ल बनवणारं फॅब-एफ जनुक मोडलं, तेव्हा गाडी अडली. यात जाड भिंत कुठे आली?

हे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवतात ते चक्क प्लास्टिकच्या पिशवीत. माध्यम काठोकाठ भरायचं, बुडबुडा राहू न देता पिशवी सील करायची, पाण्याने भरलेल्या पोलादी नळकांड्यात ठेवून हातपंपाने दाब चढवायचा. सामू (पीएच) स्थिर ठेवायला फॉस्फेट बफर शक्यतो टाळायचा, दाबाने त्याचाच सामू घसरतो. हाताने फाटेल अशी ती पिशवी शाबूत बाहेर येते. तिचीही भिंत जाडच असेल म्हणा!

जाता जाता, चौकटीतला ‘६००० मीटरवर ६०० किलो दाब’ म्हणजे कशावर? ‘दर चौरस सेंटिमीटरला’ हे शब्द जागेअभावी गाळले असतील, तर शेजारच्या चित्रातला दात विचकणारा मासा बोटभर लहान करता आला असता.

आपला,
एक वाचक, पणजी